संपादकाचा हात न लागलेली कथा

ज्यांच्या कथा वाचून कथेकडे कसे पाहावे हे आमच्या पिढीला कळले, अशा एका ज्येष्ठ लेखकाची नवी कथा एका मासिकाच्या विशेषांकात प्रसिद्ध झाली आहे. वडिलांच्या पश्चात राहते घर विकण्यासाठी एकत्र आलेली तीन भावंडे हा तिचा विषय. विषय जुना आहे, पण त्याबद्दल तक्रार नाही. याहून साध्या विषयांवर याच लेखकाने उत्तम कथा लिहिल्या आहेत. तक्रार आहे ती लेखनाची.

कथा धाकट्या बहिणीच्या तोंडून, प्रथमपुरुषी निवेदनात येते. म्हणजे तिने जे पाहिले, ऐकले, अनुभवले तेवढेच वाचकापर्यंत पोहोचू शकते, आणि या निवेदनपद्धतीचे बळ नेमके या मर्यादेतच असते. मध्यावर मात्र थोरला भाऊ माडीवर एकटा बसलेला असताना त्याच्या मनात काय चालले आहे, याचे दीड पानभर वर्णन येते. ते बहिणीला कसे कळले, याचा खुलासा शेवटपर्यंत होत नाही. ती भावाचे मन कल्पून सांगते आहे, अशी सूचना एखाद्या शब्दाने जरी मिळाली असती, तरी हाच दोष कथेचे सामर्थ्य ठरला असता.

संवादांची स्थिती याहून वाईट आहे. ‘आई गेली तेव्हा तू दहा वर्षांची होतीस आणि दादा कॉलेजात होता,’ असे मधला भाऊ बहिणीला सांगतो. तिला हे ठाऊक नाही काय? वाचकाला द्यायची माहिती पात्राच्या तोंडी कोंबली की त्या पात्रावरचा विश्वासच उडतो. गोळी झाडायची नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये, असे रशियन कथाकार-नाटककार चेकॉव्हने १८८९ साली एका पत्रात लिहिले होते. इथे माळ्यावरच्या कुलूपबंद पेटीचा तीनदा उल्लेख होतो, पण ती कोणी उघडत नाही, आणि सारा गुंता सुटतो तो भलतीकडेच सापडलेल्या एका पत्राने.

पहिल्या पानावर वडील भर पावसाळ्यात वारतात. पुढे त्यांच्या अंत्ययात्रेत वैशाखाच्या उन्हाने पाय पोळतात. ही चूक लेखकाच्या नजरेतून सुटू शकते, पण संपादकाच्या नजरेतून ती कशी सुटली? ‘सत्यकथा’ या वाङ्मयीन मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रे लिहून कथेतल्या उणिवा दाखवत, पुनर्लेखन सुचवत. तशी मेहनत या कथेवर कोणी घेतलेली दिसत नाही. नाव झाकून पाठवली असती तर ती साभार परत आली असती, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि लेखकाच्या दृष्टीने तेच हिताचे ठरले असते.

कारण लेखकाचा लिहिता हात अजून गेलेला नाही. भांडी वाटून घेताना थोरला भाऊ एका तांब्यावर कोरलेले आईचे नाव वाचतो आणि तो तांब्या आपल्या वाट्यातून उचलून बहिणीच्या वाट्यात ठेवतो. कोणी काही बोलत नाही. ही दोन-तीन वाक्ये अस्सल आहेत. दुर्दैवाने पुढचा अख्खा परिच्छेद लेखकाने त्या कृतीचा अर्थ समजावून सांगण्यात खर्च केला आहे. कथा संग्रहात घेण्यापूर्वी निदान तेवढा परिच्छेद तरी काढून टाकावा, अशी कळकळीची विनंती आहे.