कुंग्सलेडनवरचे एसटीएफ हट: बडोद्याहून जाणाऱ्या ट्रेकर्ससाठी परीक्षण

मूल्यमापन: पाचपैकी साडेचार. अर्धा गुण शाकाहारी माणसाच्या जेवणासाठी कापला आहे.

उत्तर स्वीडनमध्ये आबिस्को ते निक्कालुओक्ता हा १०५ किलोमीटरचा रस्ता, बराचसा कुंग्सलेडन या लांब पायवाटेवरून जाणारा, आठवडाभरात चालता येतो. तंबू, स्टोव्ह किंवा गॅस काहीच पाठीवर घ्यावे लागत नाही, कारण साधारण एका दिवसाच्या अंतरावर एसटीएफ या १८८५ साली स्थापन झालेल्या पर्यटन संस्थेचा हट, म्हणजे मुक्कामाचे साधे घर, आहे. यूथ हॉस्टेलच्या ट्रेकची सवय असलेल्या बडोदेकरांनी एक फरक नीट समजून घ्यावा. तिथे कॅम्पवर पोहोचलो की चहा आणि जेवण तयार मिळते. इथे छप्पर, गादी, उशी, ब्लँकेट, गॅसची शेगडी आणि भांडी मिळतात, बाकी सगळे आपणच करायचे. पाणी ओढ्यावरून बादलीने आणायचे, सरपण फोडायचे, भांडी घासलेले पाणी ठरलेल्या जागीच ओतायचे आणि निघताना बादल्या भरून, खोली झाडून जायचे. हटची देखभाल करणारी व्यक्ती तिथे असते, पण ती आपली वाढपी नव्हे. ही व्यवस्था मनापासून आवडेल असाच गट न्यावा.

अंतरे अशी: आबिस्को ते आबिस्कोयाउरे १५ किलोमीटर, तिथून आलेसयाउरे २०, चेक्त्या १३, सेल्का १२, सिंगी १२, केबनेकाइसे १४ आणि शेवटी निक्कालुओक्ता १९. म्हणजे सात दिवस चाल आणि सहा मुक्काम. अनेक जण चेक्त्याचा मुक्काम गाळून आलेसयाउरेहून थेट सेल्का गाठतात. ते २५ किलोमीटर होतात, आणि त्यात सगळ्यात उंच खिंड, सुमारे ११५० मीटरची, दुपारनंतर पार करावी लागते, तेव्हा ढगात सापडण्याची शक्यता असते. चेक्त्याचा हट साधा आहे. तिथे सॉना (गरम वाफेची खोली) नाही, दुकान नाही. तरी तिथेच थांबावे. सकाळी ताज्या पायांनी खिंड चढता येते आणि पलीकडचा दगडांचा तीव्र उतार घाई न करता उतरता येतो. जुलैतही खिंडीजवळ बर्फाचे पट्टे असू शकतात, आणि वितळणाऱ्या बर्फाखाली पाणी वाहत असेल तर पाय आत जातो. म्हणून काठी टेकवून अंदाज घेत चालावे.

उत्तरेकडून दक्षिणेकडेच जावे. आबिस्कोच्या बाजूने चढ हळूहळू येतो, खिंड चौथ्या दिवशी लागते, तोपर्यंत पाय तयार झालेले असतात आणि खाण्याचे वजनही कमी झालेले असते.

वाटेच्या खुणांबद्दल एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवा. खांबांवर लाल फुली दिसली की ती हिवाळ्यातली स्कीची वाट असते. ती गोठलेल्या तळ्यांवरून आणि दलदलीतून सरळ जाते. उन्हाळ्यात तिच्या मागे गेलात तर गुडघाभर चिखलात अडकाल. उन्हाळी वाट म्हणजे दगडांवरचे लाल रंगाचे ठिपके. दलदलीवर टाकलेल्या लाकडी फळ्या ओल्या असल्या की फार निसरड्या होतात, तिथे लांब टांगा टाकू नयेत.

आता जेवण. आबिस्कोयाउरे, आलेसयाउरे आणि सेल्का इथे हटमध्येच छोटे दुकान आहे. तिथे पास्ता, सूपच्या पुड्या, बटाट्याची पूड, राय या धान्याचा कुरकुरीत ब्रेड आणि डबाबंद पदार्थ मिळतात. चेक्त्या आणि सिंगीला दुकान नाही. तेव्हा दोन दिवसांचे खाणे पाठीवर आणि एका दिवसाचे जास्तीचे, एवढा हिशेब पुरे. माणशी रोज सुमारे ६०० ग्रॅम कोरडे पदार्थ धरावेत. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी दुकानावर अजिबात विसंबू नये. घरून आणताना एक नियम पाळावा: युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस, दूध आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, दूधपावडर, पेढे आणि तुपातले लाडू घरीच राहतील. जाडे पोहे, उपम्याचे भाजलेले मिश्रण, सत्तू, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, चिक्की आणि तेलावर भाजलेला खाकरा ही यादी चांगली चालते. अख्खी डाळ टाळावी. कुकर नसतो, शेगडी चार गटांत वाटून वापरायची असते, आणि चाळीस मिनिटे एक बर्नर अडवणे शोभत नाही.

सॉना आबिस्कोयाउरे, आलेसयाउरे आणि सेल्का इथे आहे. शॉवर नाही. वीज या हटमध्ये नाही, मोबाईलला वाटेवर बहुतेक रेंज नाही, पण हटमध्ये आपत्कालीन फोन असतो. आपत्कालीन क्रमांक ११२. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची असते, त्यामुळे ती विमानात हातातल्या सामानात नेता येते. चादरीची पिशवी स्वतःची न्यावी, ब्लँकेटच्या आत ती लागतेच. केबनेकाइसेचा मुक्काम मात्र वेगळ्या दर्जाचा आहे. तिथे वीज, गरम पाणी आणि उपाहारगृह आहे.

आबिस्को राष्ट्रीय उद्यान १९०९ साली झाले, युरोपातल्या पहिल्या नऊ उद्यानांपैकी एक, आणि आकाराने फक्त ७७ चौरस किलोमीटर. चालण्याचा पहिला दिवस त्यातून जातो. तंबू न्यायचाच असेल तर या हद्दीत ठरावीक जागीच लावता येतो.

हंगाम हा आपल्याकडच्या लोकांसाठी खरा अडसर. मेच्या सुट्टीत तिथे बर्फ असतो, दिवाळीत हट बंद असतात. उन्हाळी हंगाम जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. जुलैत सूर्य जवळपास मावळत नाही, पण डासांचे थवे असह्य होतात. डोक्यावर जाळीची टोपी लागते. ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरचा पहिला आठवडा हा काळ सर्वोत्तम: डास संपत आलेले, बर्च लाल-पिवळे होऊ लागलेले. या काळात घरी गणपती असण्याची शक्यता असते, तेव्हा तारखा चतुर्थी पाहूनच घ्या. २०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे ऑगस्टचे शेवटचे दोन आठवडे मोकळे मिळतात. रात्री तापमान शून्याजवळ जाऊ शकते, आणि पाऊस थांबून थांबून पडतो. बडोद्याचा रेनकोट वाऱ्यात टिकत नाही. शिवणी सीलबंद असलेले जॅकेट आणि पँट घ्या, सॅकच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी लावा.

सराव पावागढवर करा, पण माचीपर्यंत गाडीने जाऊन पायऱ्या चढण्यापेक्षा चांपानेरहून जुन्या पायवाटेने, पाठीवर दहा किलो घेऊन. सलग दोन दिवस चालणे एका लांब दिवसापेक्षा उपयोगी. नवे बूट घेऊन थेट आबिस्कोला जाऊ नका.

स्वीडनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. हटचे आरक्षण आधी केले तर दर कमी पडतो, आणि सहाही रात्रींच्या पावत्या अर्जाला जोडता येतात. स्टॉकहोमहून आबिस्कोला रात्रीची रेल्वे जाते. याच मार्गावर लोहखनिजाच्या मालगाड्या चालतात. डिसेंबर २०२३ मध्ये एक घसरली आणि मार्ग दोन महिने बंद राहिला. म्हणून सुरुवातीला एक दिवस राखीव ठेवा. परतीला निक्कालुओक्ताहून किरुना शहराला बस मिळते. शेवटच्या दिवशी वाटेत तळे लागते, तिथली होडी घेतली तर सुमारे सहा किलोमीटर वाचतात आणि बस गाठणे सोपे होते.