परात गेली, बादली आली

येळ्ळूरला आमच्या घरामागं खुराडं आहे आणि पुढं जाळी मारलेली थोडी मोकळी जागा. कोंबड्या चौदा, त्यातल्या दहा गिरिराज जातीच्या आणि चार गावठी. गेल्या दिवाळीच्या आधी बेळगावात रविवार पेठेतनं दोन वस्तू आणल्या. पाणी प्यायला बुडाला निपल, म्हणजे बारीक तोट्या, लावलेली बारा लिटरची बादली साडेचारशेला, आणि खाद्याचा टांगायचा डबा दोनशे ऐंशीला. आता श्रावण लागलाय, अंडी कोण उचलत नाही, हाताला जरा सवड आहे म्हणून लिहिते.

आधी पाण्याला अ‍ॅल्युमिनियमची जुनी परात होती. सकाळी भरली की दहा मिनिटांत एखादी त्यात उभी. खाली अंथरलेलं तूस, माती पाण्यात, वर तिथंच हगायचं. दुपारपर्यंत पाणी चहाच्या रंगाचं. दिवसातनं तीनदा परात ओतायची, ते पाणी तिथंच मुरायचं आणि खालचं तूस ओलं गच्च. सकाळी दार उघडलं की वासानं डोळे झोंबायचे. मागच्या पावसाळ्यात तीन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, रक्ताची हगवण लागून गेल्या. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, कॉक्सिडिया म्हणजे आतड्यातला परजीवी आहे, ओल्या तुसात वाढतो, विष्ठेतनं खाण्यापिण्यात जातो. पाण्यातनं औषध दिलं, बाकीच्या वाचल्या. "आक्का, औषध असू दे, आधी तूस कोरडं ठेवा," एवढं त्यांनी जाताना सांगितलं.

तर बादली. बुडाला चार लाल निपल, आत स्टीलची बारीक पिन. पिनेला चोच लागली की थेंब येतो, नाहीतर कोरडं. एका निपलवर आठ-दहा कोंबड्या भागतात, म्हणजे मला चार पुष्कळ झाले. पण पहिले दोन दिवस एकीलाही कळेना. खाली उभ्या राहून जुन्या परातीची जागा उकरायच्या. मी बोटानं पिन हलवून थेंब दाखवत बसले, आमचे हे ओट्यावरनं हसतायत. शेवटी एका गावठीनं लाल रंगाला चोच मारली, थेंब पडला, ती दचकली, परत मारली. संध्याकाळपर्यंत सगळ्या रांगेत. एवढंच बघा, बादली उंच टांगा, मान वर ताणून पिता आलं पाहिजे. खाली टांगली तर बाजूनं धक्का लागून पाणी सांडतं.

आता तक्रार. एप्रिलमध्ये एका दुपारी शेतातनं आले तर कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख सैल सोडून धापा टाकतायत. बादली बघितली तर गळ्यापर्यंत भरलेली. पिन हलवली, दोन थेंब आले आणि बंद. काही सुचेना. झाकण उचकटलं तसा फस्स आवाज झाला आणि पाणी सुरू! झाकण इतकं घट्ट की आत हवाच जात नव्हती, आणि त्या दिवशी मी शहाणपणानं ते नीट दाबून बसवलं होतं. खिळा तापवून झाकणाला भोक पाडलं, तेव्हापासनं त्रास नाही. पण हे भोक बनवणाऱ्यानंच पाडायला नको? सोबतच्या कागदावर कन्नडमध्ये आणि इंग्रजीत बरंच काय काय छापलंय. पोरानं सगळं वाचून दाखवलं, त्यात भोकाचं नाव नाही.

एक निपल मध्येच ठिबकायला लागला. आमच्या विहिरीच्या पाण्यात बारीक वाळू येते, ती पिनेत अडकली होती. आता पाणी फडक्यातनं गाळून ओतते आणि आठवड्याला आतनं ब्रश मारते. बादली निळी, गडद आहे ते बरं. शेजारच्या वैनींनी पांढरी आरपार दिसणारी घेतली, उन्हानं तिला आतनं हिरवं शेवाळ धरतंय.

डब्याला मी निम्मेच मार्क देईन. कोंबडीच्या पाठीएवढ्या उंचीला टांगला तर सांडलवंड कमी होते, हे खरं. एका कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम लागतं, त्या हिशोबानं पन्नास किलोचं पोतं महिनाभर जायला पाहिजे. आधी चोवीस-पंचवीस दिवसांत संपायचं, आता महिना गाठतं. पण खालच्या ताटलीला आडवे दांडे नाहीत, त्यामुळं चोचीनं खाद्य बाहेर फेकतातच. आणि आमच्याकडच्या जून-जुलैच्या पावसात भुकटी दमट होऊन डब्याच्या नळीत चिकटते, दोन दिवसांत बुरशीचा वास. तसलं खाद्य मी उकिरड्यावर टाकते, कोंबडीला घालत नाही. पावसाळ्यात एका दिवसापुरतंच भरते आणि उंदरांसाठी रात्री डबा घरात आणते.

दुकानदाराबद्दल चांगलंच सांगेन. खाद्य मागितल्यावर आधी विचारलं, "वैनी, अंड्यावरच्या आहेत की पिल्लं?" अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम भरपूर असतं, ते पिल्लांच्या मूत्रपिंडाला बाधतं. पिल्लांचं पोतं वेगळं, हे मला तिथंच कळलं.

खुराड्यातलं तूस आता रोज एकदा दाताळ्यानं हलवलं की पुरतं. ऐन पावसातही बादलीखाली मूठभर उचलून दाबलं तर हाताला ओल लागत नाही. यंदा एकही हगवणीनं गेली नाही. गावठीनं काढलेली सात पिल्लं मात्र अजून बुटकी आहेत, त्यांची चोच पिनेला पुरत नाही. त्यांना जुनी बशीच आहे, बुडू नयेत म्हणून आत खडे घातलेली.