जुन्या गाडीला जादा भाव मिळाला, तिथेच घात झाला

गाडी बदलताना लोकांना एकच धास्ती असते: आपली जुनी गाडी मातीमोल भावात उचलतील. आमच्याशी नेमकं उलट झालं. विक्रेत्याने जुन्या गाडीला बाहेर मिळत होता त्यापेक्षा साधारण पंधरा टक्के जास्त भाव दिला. घरात सगळे खूश. ती खुशी हेच आमिष होतं, हे कळेपर्यंत जुनी गाडी हातची गेली होती, कर्जावर सह्या झाल्या होत्या आणि दारात ‘कोरी’ म्हणून उभी असलेली गाडी कोरी नव्हती.

जुन्या गाडीबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. तिने खूप साथ दिली, पण अलीकडे एक काम उरकलं की दुसरं तयार. क्लच झाला, सस्पेन्शनचे बुश झाले, एसीचा कॉम्प्रेसर गेला. टायमिंग बेल्टही बदलायला आला होता, आणि बऱ्याच इंजिनांत तो धावताना तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिनच निकामी होतं. त्यात सासूबाईंचे गुडघे. खाली वाकून गाडीत बसणं त्यांना जमेना. मुलांचे पाय पुढच्या सीटला टेकायला लागलेले. म्हणून उंच बैठकीची, मोठ्या डिकीची गाडी बघायची ठरली.

गाडी निवडण्याचा अभ्यास आम्ही मन लावून केला. तिसऱ्या रांगेत मोठं माणूस खरंच बसतं का, सगळ्या सीटांवर माणसं असताना डिकीत बॅग मावते का, मधल्या सीटला तीन-बिंदू पट्टा आहे का, लहान मुलाच्या सीटसाठी आयसोफिक्सचे हूक कुठे आहेत, अपघात चाचणीत किती तारे आहेत. याबद्दल माहिती भरपूर मिळते. पण गाडी निवडणं आणि गाडी विकत घेणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्या कामात विक्रेता रोज मुरलेला असतो. आपण त्यात सात-आठ वर्षांतून एकदा उतरतो.

शोरूममधला मुलगा अतिशय गोड. सासूबाईंना हात धरून बसवलं, पाणी आणलं. मग दोनच प्रश्न विचारले: “सध्या कोणती गाडी आहे?” आणि “मॅडम, महिन्याला साधारण किती हप्ता झेपेल?” प्रश्न किती साधे! पण नवीन गाडीच्या किमतीबद्दल तोंड उघडण्याआधी ही दोन उत्तरं हातात आली की बाकीचा खेळ त्यांचा.

खेळ असा असतो. जुनी गाडी देऊन, कर्ज काढून नवी घेतो तेव्हा आपल्याला एकच व्यवहार दिसतो. प्रत्यक्षात ते चार असतात: नव्या गाडीची किंमत, जुन्या गाडीची किंमत, कर्ज आणि वरच्या गोष्टी, म्हणजे कोटिंग, वाढीव वॉरंटी, ॲक्सेसरीज वगैरे. चारही एकाच कागदावर आणले की एका खिशातून दिलेलं दुसऱ्या खिशातून काढता येतं, आणि गिऱ्हाइकाची नजर दिलेल्या खिशावर खिळलेली असते. आमची जुन्या गाडीवर खिळली. त्या महिन्यात त्याच मॉडेलवर इतरांना मिळालेली सूट आमच्या कागदावर नव्हती. विचारलं तर म्हणाला, “एक्स्चेंजला इतका भाव दिल्यावर साहेब सूट मंजूर करत नाहीत.” म्हणजे जादा भाव आमच्याच सुटीतून आला होता.

कर्जात खरी कापाकापी झाली. व्याज “फक्त सात टक्के” असं तोंडी सांगितलं. कागदावर बारीक अक्षरात ‘फ्लॅट’ हा शब्द होता आणि मुदत पाचाऐवजी सात वर्षं. हे समजायला मुद्दल 100 धरा. घटत्या शिल्लकेवर, म्हणजे फेडायचं उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरलं तर, 7 टक्क्यांनी पाच वर्षांत एकूण व्याज साधारण 19 होतं आणि महिन्याचा हप्ता 1.98. फ्लॅट दरात मुद्दल फिटत असलं तरी व्याज शेवटपर्यंत मूळ 100 वरच धरतात. म्हणून सात वर्षांचं व्याज होतं 49, हप्ता 1.77. हप्ता कमी झाला! आम्ही झेपेल म्हणून सांगितलेल्या आकड्याच्याही खाली आला, आणि व्याज अडीच पटीवर गेलं. घटत्या शिल्लकेच्या भाषेत हा दर सात नव्हे, बारा टक्क्यांच्या आसपास बसतो. हप्ता विचारणाऱ्या विक्रेत्याला गिऱ्हाईक स्वतःहून ही चावी देतं. त्याला एकूण परतफेड विचारा. तो आकडा त्याने टाळला तर कर्ज दुसरीकडून घ्या.

हप्ता आटोक्यात दिसतोय म्हटल्यावर त्यात पेंट प्रोटेक्शन, खालून लावायचं कोटिंग, वाढीव वॉरंटी आणि ‘हाताळणी शुल्क’ नावाची एक गूढ रक्कमही बसवली. ती कशाची हाताळणी, हे मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही.

आणि या सगळ्यात आमची जुनी गाडी कुठे होती? त्यांच्याकडे. “तपासणीला ठेवून जा, आमचा माणूस घरी सोडेल” असं म्हणून किल्ली आणि मूळ कागद पहिल्याच दिवशी घेतले होते. मुलांची शाळा, सासूबाईंच्या तपासण्या, सगळं अडलेलं. अशा घराला उठून दुसऱ्या शोरूममध्ये जाणं सोपं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. सौदा होईपर्यंत किल्ली तुमच्याच खिशात राहू द्या. तपासणी तुमच्यासमोर तासाभरात होते.

आता नव्या गाडीकडे येते. आम्हाला हवा तो रंग “यार्डात एकच शिल्लक” होता. डिलिव्हरी संध्याकाळी, आत, झगमगत्या दिव्यांखाली. बॉनेटवर मोठी रिबन, टाळ्या, फोटो. सीटवर प्लॅस्टिक. मीटरवर दोन आकडी किलोमीटर. बुकिंगच्या फॉर्मवर चॅसिस क्रमांकाची, म्हणजे प्रत्येक गाडीवर कोरलेल्या तिच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाची, जागा रिकामी होती, “गाडी अलॉट झाली की भरतो” म्हणून.

काही आठवड्यांनी पंक्चर झालं. टायरवाले काका चाक फिरवत म्हणाले, “गाडी नवी म्हणता, पण हा एक टायर बाकीच्यांच्या जोडीचा दिसत नाही.” टायरच्या बाजूवर डीओटी ही अक्षरं आणि पुढे खुणांची रांग असते, शेवटचे चार आकडे म्हणजे बनल्याचा आठवडा आणि वर्ष. 1423 असेल तर 2023 सालचा चौदावा आठवडा. आमचे तीन टायर आणि स्टेपनी एकाच सुमाराची होती, बरीच जुनी. पुढचा डावा मात्र खूप नंतरचा. कोऱ्या गाडीला एकच टायर मागाहून का बदलावा लागला असेल?

त्यांनीच ओळखीच्या मेकॅनिककडे पाठवलं. त्याने गाडी उन्हात उभी केली आणि आधी रंगाची जाडी मोजली. कारखान्यातला रंग बहुधा शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या आसपास असतो आणि सगळ्या पत्र्यांवर थोड्याफार फरकाने सारखा. आमच्या डाव्या दरवाजावर आकडा कित्येक पटीने उडाला, म्हणजे खाली पुट्टी. मग बॉनेट उघडून डाव्या फेंडरचे बोल्ट दाखवले. डोक्यांवरचा रंग पान्याने उडालेला होता. उजवीकडचे जसेच्या तसे. शेवटी त्याने गाडीतल्या संगणकाच्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावला. मीटरवरचा आकडा उपकरण लावून बदलता येतो, पण बऱ्याच गाड्यांत किलोमीटर एकाहून जास्त कंट्रोल युनिटमध्ये, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकांत, नोंदले जातात आणि मीटर मागे फिरवणारा माणूस सगळीकडे पोचतोच असं नाही. आमच्या गिअरबॉक्सच्या नोंदीत चार आकडी किलोमीटर होते.

ती टेस्ट ड्राइव्हची गाडी होती. किती अनोळखी लोकांनी हाणली असेल, देव जाणे. कोणी तरी ठोकली, त्यांनी ती रंगवली, मीटर खाली आणलं, सीटवर नवं प्लॅस्टिक चढवलं आणि कोऱ्या गाडीच्या भावात आम्हाला दिली. टेस्ट ड्राइव्हची गाडी विकण्यात गैर काही नाही. उघड सांगून, त्या मानाने कमी किमतीला विकली तर ती चांगली खरेदीसुद्धा ठरू शकते, कारण गाडीची किंमत पहिल्या वर्षातच सगळ्यात झपाट्याने उतरते आणि ती घट विक्रेत्याने सोसलेली असते. इथे ती घट आम्हाला सोसायला लावली.

शोरूममध्ये गेलो तर तोच गोड मुलगा ओळख विसरला. मॅनेजर म्हणाले, “वाहतुकीत ओरखडे येतात, किरकोळ टचअप सगळ्याच गाड्यांना करतो.” टायरबद्दल विचारलं तर “कंपनीकडूनच तसा आला असेल.” स्कॅनरच्या नोंदीवर मात्र ते गप्प झाले. तोंडी बोलण्यात मग वेळ घालवला नाही. रंगाच्या आकड्यांचे, बोल्टचे, टायरच्या क्रमांकांचे फोटो आणि स्कॅनरची छापील प्रत जोडून थेट गाडी बनवणाऱ्या कंपनीला लेखी तक्रार केली. चॅसिस क्रमांकावरून गाडी कारखान्यातून कधी निघाली आणि कोणत्या कामासाठी दिली गेली हे त्यांच्याकडे नोंदलेलं असतं. ही गाडी प्रात्यक्षिकासाठी दिली होती, असं लेखी उत्तर आलं. तो कागद दाखवल्यावर शोरूमची भाषा बदलली.

चॅसिस क्रमांक म्हणूनच महत्त्वाचा. तो 17 खुणांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतात, एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून. पूर्ण पैसे देण्याआधी हा क्रमांक फॉर्मवर लिहून घ्या, दिवसाउजेडी गाडीवरच्या क्रमांकाशी एकेक अक्षर ताडून बघा, त्याच वेळी पाचही टायरांचे आकडे वाचा. “आत्ता गाडी गोदामात आहे” म्हणाले तर गोदामात जा. रिबन बांधल्यावर तपासायला कोणाचं मन होत नाही, आणि घरची म्हातारी माणसं फोटोसाठी उभी असताना बॉनेट उघडून बोल्ट बघणारी सून तर अजिबात शोभत नाही. तरीही बघा.

बऱ्याच पत्रापत्रीनंतर कोटिंग, वाढीव वॉरंटी आणि त्या गूढ हाताळणीचे पैसे परत मिळाले, शिवाय किमतीतला काही भाग. गाडी बदलून द्यायला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. कर्ज आम्ही मुदतीआधी फेडून दुसरीकडे घटत्या शिल्लकेवर घेतलं. आधी फेडण्याचा दंड पडला, तो धरूनही फायद्यात राहिलो.

एक शेपूट मात्र उरलंच होतं. जुन्या गाडीसाठी वाहतूक नियम मोडल्याचे दंड आमच्या नावावर यायला लागले. शोरूमने ती परस्पर तिसऱ्याला विकली होती आणि मालकीबदल केलाच नव्हता. आमच्या सह्यांचे कोरे फॉर्म त्यांच्याकडे पडून होते. दंडाचं एक वेळ ठीक, पण त्या गाडीने कोणाला धडक दिली असती तर पहिली विचारणा आमच्या दारात झाली असती. म्हणून जुनी गाडी देताना तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा लिहिलेली ताबापावती शिक्क्यासह घ्या, नोंदणी कार्यालयाला आणि विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. आमच्याकडे डिलिव्हरीच्या फोटोत मागे उभी असलेली जुनी गाडी आणि फोटोची तारीख एवढाच पुरावा निघाला. दंडांविरुद्धच्या अर्जाला तोच जोडला आहे. निकाल अजून यायचा आहे.