वाचनालयातून आणलेलं गाणं: काही महिन्यांच्या वापरानंतर

ठरावीक गाणं हवं असेल तर या वाटेला जाऊ नका. ते मोबाइलवर अर्ध्या मिनिटात मिळतं. वाचनालयातून सीडी-कॅसेट आणण्यात गंमत निराळी आहे: ज्याचं नाव आपण जन्मात कधी शोधलं नसतं, ते कानावर पडतं. गेल्या पावसाळ्यापासून माझं हे चाललंय, आणि आता बऱ्यावाईटासकट लिहिण्याइतकं ऐकून झालंय.

नाशकात सार्वजनिक वाचनालय १८४० सालापासून आहे. पुस्तक बदलायला जाणं हे इथे काही नवलाचं नाही. गाणी बदलायला जाते म्हटलं की मात्र लोक अजून चमकतात. मी जाते ते वाचनालय दुसरं, लहानसं आहे. पुढे कुरकुर करायची आहे म्हणून नाव लिहीत नाही. पुस्तकांच्या वर्गणीवर थोडी जादा अनामत भरली की दोन सीडी किंवा कॅसेटी आठ दिवसांसाठी घरी नेता येतात. दंड किरकोळ आहे, पण काउंटरवरच्या मावशी तो अख्ख्या वाचनकक्षाला ऐकू जाईल असा सांगतात, त्यामुळे उशीर करायची कोणाची टाप नाही.

कपाटाचा निम्मा भाग नाट्यगीतं, अभंग आणि भावगीतांनी भरलेला आहे. त्यात नवीन काही सापडेल अशी आशा ठेवू नका, ते सगळं आपण लहानपणापासून ऐकलेलंच असतं. खरा माल खालच्या दोन खणांत आहे, आणि तो बहुतेक देणगीत आलेला. कोणीतरी घर बदलतं, आजोबांचा संग्रह पोत्यात भरून आणून देतं, आणि मग एका माणसाची आवड अख्खीच्या अख्खी कपाटात येऊन बसते. असाच एक संग्रह पूर्ण कर्नाटकी, म्हणजे दक्षिणेकडच्या शास्त्रीय संगीताचा आहे. ते आजोबा कोण, कुठले, कोणाला ठाऊक नाही, पण माणूस चोखंदळ होता. माली, म्हणजे टी. आर. महालिंगम यांची बासरी मी ऐकली ती त्यांच्यामुळे. आणि एक गोष्ट तिथेच कळली: कर्नाटकी तोडी रागाला आपल्या भैरवीचे स्वर लागतात, आपल्या तोडीचे स्वर हवे असतील तर तिकडे शुभपंतुवराळी हा राग शोधायचा. कान एकदा त्याला सरावला की इतकी वर्षं आपण निम्म्या देशाचं गाणं बाजूला का ठेवलं होतं असं वाटतं.

दुसरी सापडलेली गोष्ट घराजवळची. गायक विष्णु दिगंबर पलुसकरांचं नाव नाशिककराला सांगावं लागत नाही. त्यांचा रामनाम आधार आश्रम पंचवटीत होता. त्यांचा मुलगा दत्तात्रेय, म्हणजे द. वि. पलुसकर, १९२१ साली नाशकात जन्मला. वडील १९३१ साली गेले, पुढची तालीम विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यासांकडे झाली, आणि १९५५ साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी तोही गेला. ही माहिती मला होती. गाणं मात्र भजनांपलीकडे ऐकलेलं नव्हतं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवरून केलेली एक सीडी मिळाली. तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटंच मावतात, त्यामुळे विलंबिताला, म्हणजे संथ लयीतल्या गाण्याला फाटा देऊन गायक थेट द्रुत, जलद बंदिशीत शिरतो. पलुसकर त्यात घाई जाणवू देत नाहीत. मुखडा, दोन आलाप, स्वच्छ दाणेदार तान, संपलं. एकही जागा वाया नाही. तासभराचे ख्याल ऐकणाऱ्यांनी हे एकदा ऐकावंच. आता माझं मत असं झालंय की तीन मिनिटांची अट काही गायकांच्या पथ्यावर पडली. (सगळ्यांच्या नाही. काहींचं गाणं त्या तबकडीत अक्षरशः कोंबलेलं वाटतं.)

आता मुख्य मुद्दा. सीडीच्या कव्हरमागे अजून कागदी तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते, तारखेपुढे सभासद क्रमांक. बऱ्याच चिठ्ठ्यांवरची शेवटची तारीख पाचसात वर्षांपूर्वीची. हळूहळू लक्षात आलं की मला आवडलेल्या बहुतेक सीडींवर एक क्रमांक पुन्हा पुन्हा येतो, निळ्या शाईत, सातचा आकडा मधे आडवी रेघ मारून काढलेला. मग मी उलटं सुरू केलं: चिठ्ठीवर तो क्रमांक दिसला की सीडी उचलायची, नाव बघायचंच नाही. गजाननबुवा जोशी असेच आले, गायकही आणि व्हायोलिनवादकही. राम नारायण यांची सारंगी अशीच आली. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "ताई, ते सभासद आता येत नाहीत. नाव नाही हं सांगता येणार." बरोबरच आहे त्यांचं. मोबाइलवरचं ॲप मला आवडतं तेच परत वाढतं. या क्रमांकाने मला न आवडणारंही ऐकायला लावलं, आणि त्यातलं थोडं नंतर आवडलं.

या क्रमांकाच्या निवडीतली सर्वांत अवघड चीज म्हणजे झिया मोहिउद्दीन डागर यांची रुद्रवीणा. त्यांनी वीणेचे भोपळे मोठे केले, तारा जाड लावल्या आणि मिजराब (बोटात घालायची तारेची नखी) न लावता नुसत्या बोटांनी वाजवली. आवाज इतका खर्जातला की मोबाइलच्या स्पीकरवर निम्मा गायबच होतो. पहिल्यांदा लावली तेव्हा घरच्यांनी विचारलं, मशीन बिघडलं का? चांगला हेडफोन लावला तेव्हा कुठे मंद्रातली मींड, म्हणजे खालच्या सप्तकात स्वरावरून स्वरावर सलग घसरत जाणं, ऐकू आली. एका स्वरावरून दुसऱ्यावर जायला इतका वेळ घेतात की मधे चहा ठेवून यावं. सीडी परत करायची तारीख जवळ आली म्हणून मी ती पुन्हा लावली, पुन्हा लावली, आणि तिसऱ्या खेपेला बसून ऐकली. ॲपवर असती तर पहिल्या मिनिटात पुढे ढकलली असती.

कव्हरमधला कागद वाचायची सवयही इथेच लागली. त्यावर तबला, पेटी, तानपुरा कोणाचा ते छापलेलं असतं. आप्पा जळगावकरांचं नाव पेटीला दिसलं की मी ती कॅसेट घेते. भीमसेन जोशींपासून किशोरी आमोणकरांपर्यंत कितीजणांना त्यांनी साथ केली. साथीदाराच्या मागे गेलं की घराण्यांच्या भिंती आपोआप ओलांडल्या जातात.

यंत्रांचं बोलू. हल्लीच्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. मी जुना डीव्हीडी प्लेअर घेतला, कॅसेटचा डेक माळ्यावर होता. डेकचा बेल्ट सैल झाला होता, त्यामुळे प्रत्येक गायक तापातून उठल्यासारखा गायचा. बेल्ट बदलून मिळतो, पण दुरुस्ती करणारा शोधावा लागतो. बुरशी आलेली कॅसेट अजिबात लावू नका, हेडची वाट लागते. सीडी पुसायची ती मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ. गोल फिरवून पुसलं तर ओरखडा माहितीच्या रांगेबरोबरच पडतो आणि प्लेअरला तो भरून काढता येत नाही. आणि लोकांना वाटतं खालची चकचकीत बाजू नाजूक. खरं तर छापील बाजू जपावी, चकाकणारा थर तिच्याच लगत असतो.

आता कुरकुर. यादी एका वहीत आहे आणि ती कव्हरवरच्या नावाप्रमाणे लावली आहे, त्यामुळे कलाकार शोधायचा तर वही पहिल्या पानापासून चाळायची. डबीत भलतीच सीडी निघते; मल्हाराच्या डबीतून मला सत्यनारायणाची पूजा मिळाली. ओरखडे पडल्याची नोंद करायला जागा नाही, म्हणून तीच अडकणारी सीडी पुन्हा पुन्हा लोकांच्या घरी जाते. दुपारी कपाटाची किल्ली कोणाकडे असते हे रोजचं कोडं. नवीन खरेदी पूर्ण बंद आहे, म्हणजे गेल्या दहा वर्षांतलं कोणीही तरुण गायक इथे सापडणार नाही. लोकसंगीत जवळजवळ नाहीच, पाश्चात्त्य संगीताच्या चार सीडी आहेत आणि त्यातल्या दोन लागत नाहीत.

ज्यांच्याकडे प्लेअर नाही त्यांनी निव्वळ हौसेखातर तो विकत घेऊ नये, खर्च वसूल होत नाही. ज्यांच्या माळ्यावर यंत्र पडून आहे त्यांनी मात्र आधी बेल्ट तपासावा आणि मग अनामत भरावी. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, वाहन लावायला जागा मिळत नाही; आठवड्यात मधल्या कुठल्याही सकाळी जा, तेव्हा मावशी असतात आणि किल्लीही त्यांच्याकडेच असते. मी वर्गणी वाढवून घेतली आहे. कर्नाटकीचा खण अजून अर्धा बाकी आहे.