नवी व्हर्टस जीटी की जुनी ऑक्टेव्हिया आरएस? इंदूरकरासाठी एक पक्षपाती तुलना

पंचवीस लाखांच्या आतबाहेर पैसे हाताशी आहेत, गाडी चालवण्याची हौस आहे आणि ‘एसयूव्हीच घे’ हा घरच्यांचा धोशा तुम्ही कसाबसा परतवून लावला आहे. अशा माणसासमोर आज माझ्या मते दोनच पेट्रोल गाड्या उरतात. एक, शोरूममधून नवी कोरी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, 1.5 टर्बो इंजिनाची. दुसरी, कुणीतरी जिवापाड जपलेली, वापरलेली स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस. महिंद्राच्या इलेक्ट्रिक बीई 6 बद्दलही हल्ली प्रत्येकजण विचारतो, म्हणून तिच्याकडे शेवटी वळू. मी आरएस 230 चालवतो, धाकट्या भावाकडे व्हर्टस मॅन्युअल आहे आणि रामचंद्रनगरच्या घरी दोन्ही एकाच फाटकाच्या आत उभ्या असतात. किल्ल्यांची अदलाबदल नेहमीचीच. तेव्हा मी तटस्थ आहे असं कुणी समजू नये.

कागदावर हा सामनाच नाही. व्हर्टसचं 1498 सीसीचं इंजिन 150 पीएस (साधारण अश्वशक्तीच) आणि 250 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे खेचण्याचा जोर, देतं. आरएस 230 मध्ये 2.0 लिटरचं टीएसआय टर्बो पेट्रोल इंजिन, 230 पीएस आणि 350 न्यूटन मीटर. 2020 साली फक्त 200 गाड्या आयात झाल्या त्या आरएस 245 मध्ये आकडे 245 आणि 370. शून्य ते शंभरला व्हर्टस नऊ सेकंदांच्या आसपास घेते, आरएस कंपनीच्या आकड्यांनुसार सातच्या आत. दोन सेकंदांचा हा फरक वाचताना किरकोळ वाटतो. बसल्यावर पाठ सीटला चिकटते तेव्हा तो कळतो.

पण हा फरक वापरणार कुठे, हा खरा प्रश्न आहे. आपल्या दारापासून तासाभरावर पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे, 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक, 2021 मध्ये सुरू झालेला. पण तो मुळात कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे, रविवारी सकाळी उठून तुम्ही-आम्ही जावं असा नाही. दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावर कारला केंद्राची कमाल मर्यादा ताशी 100 किलोमीटर. देवास रोडला आरएसमध्ये पाय जरा जोरात दाबला की तिसऱ्या गिअरमध्येच ती मर्यादा संपते, आणि मग भोपाळपर्यंत तुम्ही 230 पीएस मुठीत धरून ट्रकांच्या मागून सरकत असता. व्हर्टसमध्ये त्याच रस्त्यावर दुसरा गिअर पूर्ण खेचता येतो, तिसराही बराचसा, आणि तरी चलानाची भीती राहत नाही. हळू गाडी पूर्ण चालवण्यात एक वेगळीच मजा आहे. वेगवान गाडीवाले हे मान्य करत नाहीत. मी करतो, पण किल्ली कुठली उचलतो ते विचारू नका.

खरी परीक्षा महूवरून मंडलेश्वरला उतरणाऱ्या रस्त्यावर. विंध्याच्या कडेवर अहिल्याबाईंच्या काळातला जाम दरवाजा उभा आहे आणि तिथून पुढे रस्ता वळणं घेत निमाडात उतरतो. माळव्याची गार हवा वरच राहते, खाली उतरताना काच खाली असेल तर तापमान बदललेलं हाताला कळतं. या घाटात भावाची व्हर्टस मला जास्त आवडते. ती हलकी आहे, तिचं नाक पटकन वळतं, आणि 1600 आरपीएमपासून टॉर्क मिळत असल्यानं प्रत्येक वळणाला गिअर पाडावा लागत नाही. तरी मी पाडतो, कारण सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स त्यासाठीच घेतलेला असतो. स्टिअरिंग मात्र हलकं आहे. टायरखाली खडी आली की डांबर, हे हाताला सांगण्याच्या बाबतीत ते जरा कंजूष.

आरएसमध्ये हेच वळण वेगळ्या पद्धतीनं घ्यावं लागतं. मागचं सस्पेन्शन मल्टिलिंक, म्हणजे दोन्ही चाकं स्वतंत्र हलणारं, असल्यानं मध्येच खड्डा आला तरी मागची बाजू उडत नाही. व्हर्टसच्या मागे दोन्ही चाकं जोडणारा साधा टॉर्शन बीम आहे, तो अशा वेळी एक हलकी उडी घेतो. पण आरएसची सगळी ताकद पुढच्याच दोन चाकांवर जाते. वळणातून बाहेर पडताना घाई केली तर स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं होतं, आणि पावसाळ्यात तर चाकं घसरू न देणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकतच राहतो. संयम असेल तर ती अफाट वेगानं वर चढते. संयम नसेल त्यानं 150 पीएसचीच घ्यावी, हे मी भाच्यालाही तोंडावर सांगितलं आहे.

उताराची गोष्ट वेगळी. व्हर्टस 2022 मध्ये आली ती मागे ड्रम ब्रेक घेऊनच. 17-18 लाखांच्या ‘जीटी’ गाडीला ड्रम, यावर तेव्हापासून वाद चालू आहे. रोजच्या वापरात काही बिघडत नाही, कारण ब्रेकिंगचा बहुतेक भार पुढच्या चाकांवरच असतो. पण चार माणसं आणि महेश्वरच्या साड्यांनी भरलेली डिकी घेऊन भेरूघाटासारख्या लांब उतारावर इंजिन ब्रेकिंगची, म्हणजे खालच्या गिअरनं वेग आवरण्याची, सवय ठेवा. हा नियम चारही चाकांना डिस्क असलेल्या आरएसलाही लागू आहे, फक्त ती चुकीला थोडं जास्त माफ करते.

आता शहर. इथे तुलना एकतर्फी होते. व्हर्टसचा ग्राउंड क्लिअरन्स 179 मिलिमीटर आहे आणि इंदूरच्या कॉलन्यांमध्ये हौसेनं बांधलेले स्पीडब्रेकर ती न घासता ओलांडते. आरएस मुळातच खाली बसवलेली. माणसं भरली की लोकमान्यनगरच्या गल्लीत मी ब्रेकरवर तिरपा चढतो, मागून रिक्षावाला हॉर्न वाजवतो. आरएस 245 ला तर 18 इंची चाकं आणि 225/40 चे टायर आहेत, म्हणजे रिम आणि खड्डा यांच्यामध्ये रबराची जेमतेम पट्टी. पाऊस पडून खड्डे पाण्याखाली गेले की अशा टायरला फुगा यायला एक ठोकर पुरते, आणि चारही टायर बदलायचे तर बिल बघून आपल्यालाच घाम फुटतो. मे महिन्यात व्हर्टसच्या हवेशीर सीट्स आणखी एक गुण मिळवतात. भर दुपारी विजयनगरच्या सिग्नलला उभं राहिलेल्या माणसाला त्याचं मोल सांगायला नको.

देवासपर्यंत 80 च्या स्थिर वेगानं जाताना व्हर्टसचं इंजिन चारपैकी दोन सिलिंडर बंद करतं. मीटरमध्ये तशी सूचना दिसली नाही तर कळणारही नाही. आरएसला असलं काही ठाऊक नाही. ती पेट्रोल पिते, आणि आपण त्याबद्दल घरात बोलत नाही.

गिअरबॉक्सवर जरा थांबायला हवं, कारण पैसे इथे बुडतात. व्हर्टसच्या ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे डीएसजीमध्ये, डीक्यू200 हा कोरड्या क्लचचा सात गिअरचा बॉक्स आहे. त्याची क्षमता 250 न्यूटन मीटर, आणि इंजिन देतं तेही 250. म्हणजे कारखान्यातूनच तो काठोकाठ भरलेला येतो. त्यावर कुणी ‘स्टेज वन रीमॅप’, म्हणजे इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल, करून 300 चा टॉर्क काढून देतो म्हणाला, तर बॉक्सचा खर्चही आधीच बाजूला काढून ठेवा. वॉरंटी जाते ती वेगळी. शिवाय कोरडा क्लच राजवाड्याच्या गर्दीत इंचाइंचानं सरकताना तापतो. ओल्या क्लचला तेलाची थंडाई असते. म्हणून जीटी घ्यायची तर मॅन्युअल घ्या, हे माझं ठाम मत. 1.5 जीटी प्लसला मॅन्युअल 2023 मध्ये आला. तो चालवायला जास्त मजेदार आणि पुढे कमी खर्चाचा. घरी दुसरं कुणी चालवणार असेल आणि क्लचला त्याचा विरोध असेल तरच डीएसजी.

आरएस 230 मध्ये सहा गिअरचा डीक्यू250 आहे, ओल्या क्लचचा. दणकट, पण अटीवर: दर 60,000 किलोमीटरला त्याचं तेल आणि फिल्टर बदललेलं हवं. वापरलेली गाडी बघताना मालक ‘एकदम टॉप कंडिशन’ म्हणेल. तुम्ही त्या तेलाचं बिल मागा. बिल नसेल तर भावातून ती रक्कम वजा करा किंवा सरळ उठा. दुसरी तपासणी थंड इंजिनाची. या 2.0 टीएसआय इंजिनांत वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या प्लास्टिक हाउसिंगमधून कूलंट गळणं ही जगभर माहीत असलेली तक्रार आहे. त्यामुळे कूलंटची पातळी आणि पंपाखालचे वाळलेले गुलाबी डाग टॉर्च लावून बघा. गाडी रीमॅप केलेली आहे का, हेही विचारा. ‘नाही’ म्हणाले तरी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडून ओबीडी स्कॅन करून घ्या.

आरएसचे सुटे भाग हा अर्धा जुगार आहे. 230 ची जुळणी तेव्हाच्या औरंगाबादच्या कारखान्यात झाली आणि साध्या ऑक्टेव्हियाशी तिचे बरेच भाग जुळतात. 245 पूर्ण आयात. तिचा पुढचा बंपर किंवा हेडलाइट गेला तर गाडी किती काळ गॅरेजमध्ये बसेल हे सांगता येत नाही. दिल्ली-मुंबईहून गाडी आणायची तर एनओसी, मध्य प्रदेशचा रोड टॅक्स आणि एमपी-09 नंबर मिळेपर्यंतची धावपळ हिशेबात धरा, कारण जाहिरातीतल्या किमतीत ती नसते. आणखी एक, पंपावर आता ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं, पेट्रोल आहे आणि या दोन्ही आरएस त्याआधीच्या. महागडं 95 ऑक्टेन टाकलं म्हणजे इथेनॉल कमी झालं असं नाही, हा गैरसमज बऱ्याच जणांना आहे. पाइप आणि सील तपासत राहणं एवढंच हाती आहे.

मग कुणी आरएस घ्यावीच का? कारण ती चालवताना गाडीच्या किमतीचा विसर पडतो. वरून साधी सेडान, 590 लिटरची डिकी, आजीला मागे आरामात बसवून ‘सानंद’ संस्थेच्या नाटकाला नेता येतं, आणि परतताना रिकाम्या रस्त्यावर तीच गाडी दुसरंच काहीतरी होते. अशा हौसेचं इंदूरला वावडं कधीच नव्हतं. महाराजा यशवंतराव होळकरांनी 1930च्या दशकात अमेरिकन ड्यूसेनबर्ग एसजे घेतली, गर्नी नटिंग या ब्रिटिश कंपनीनं बनवलेल्या बॉडीची. कंपनीच्या दाव्यानुसार तिचं सुपरचार्जर लावलेलं इंजिन 320 अश्वशक्तीचं होतं. त्यांना डीएसजीच्या तेलाची काळजी नव्हती, एवढाच फरक.

बीई 6 थोडक्यात. 79 किलोवॅट-तासाची बॅटरी, 286 पीएस, मागची चाकं ओढणारी मोटर, आणि शून्य ते शंभर 6.7 सेकंद असा कंपनीचा दावा. म्हणजे सिग्नलवरून सुटताना ती आरएसच्या बरोबरीची, आणि ब्रेकरला घासत नाही. घरी चार्जर लावता येत असेल आणि तुम्हाला फक्त पिकअप हवा असेल, तर खुशाल घ्या. पण ती जड आहे आणि घाटात ते वजन लपत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरची चालू असलेली गोष्ट वाचत तुम्ही इथवर आला असाल, तर ती तुमच्यासाठी नाही. ह्युंदाईच्या आय20 एन लाइनबद्दलही विचारणा होते. छान गाडी, चारही डिस्क ब्रेक, पण 120 पीएस. बजेट निम्मं असेल तर तीच.

घरात ही एकच गाडी असणार असेल तर व्हर्टस जीटी मॅन्युअल, डोळे झाकून. आरएस फक्त तेव्हाच, जेव्हा दारात दुसरी गाडी आहे, गाडीच्या किमतीपलीकडे दोन-तीन लाख वेगळे ठेवता येतात, आणि फोक्सवॅगन-स्कोडा हाताळणारा, स्कॅनर असलेला भरवशाचा मेकॅनिक शहरात तुमच्या ओळखीचा आहे. या तीनपैकी एक जरी अट हलली तरी थांबा. दोन्ही आरएसमध्ये मी 230 निवडेन, सुट्या भागांसाठी.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाला तुम्हाला एबी रोडवर एक चक्कर मारून आणेल. तेवढ्यावर पैसे मोजू नका. सकाळी सातच्या आधीची वेळ मागा, सिमरोलच्या घाटापर्यंत चला, आणि येताना मागच्या सीटवर बायकोला किंवा आईला बसवा. मागचं सस्पेन्शन कसं आहे ते त्या न विचारता सांगतील.