५ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर: दिवसा गुणी, रात्री खादाड

सोलर पॅनेल, बॅटरी आणि ग्रिड (वीज कंपनीची लाइन) तिन्ही सांभाळणारं हे यंत्र. खोक्यावर ठळक अक्षरात ‘कमाल कार्यक्षमता ९७.६ टक्के’ असं छापलंय. आकडा खोटा नाही. पण तो एका ठरावीक लोडला आणि ठरावीक डीसी व्होल्टेजलाच मिळतो, आणि यंत्र दिवसातून किती वेळ त्या जागी असतं ते खोक्यावर कुणी छापत नाही. मोटर ड्राइव्ह आणि यूपीएस दुरुस्त करून माझं पोट चालतं, त्यामुळे नवीन यंत्र आलं की आधी करंट मोजायचा क्लॅम्प मीटर बाहेर निघतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. या घाटाची यंत्रं निरनिराळ्या नावांनी विकली जातात, आणि झाकण काढलं की बरेचदा एकाच वळणाचे बोर्ड दिसतात. तेव्हा हा रिव्ह्यू एका यंत्राचा असला तरी त्याच्या भावंडांनाही बराचसा लागू पडेल.

मोठी तक्रार आधी. काहीच लोड नसताना, डिस्प्ले विझलेला असताना, हा बॅटरीतून ६० वॅट ओढतो. माहितीपत्रकात हे शेवटच्या पानावर बारीक टायपात दिलंय, तेवढा प्रामाणिकपणा मान्य. ६० वॅट म्हणजे दिवसाला १.४४ युनिट, वर्षाला सव्वापाचशे युनिट. माझा रात्रीचा लोड सरासरी १५० वॅट: फ्रिज, एक पंखा, राउटर. म्हणजे बॅटरीतून २१० वॅट निघतात तेव्हा मला १५० मिळतात. कार्यक्षमता ७१ टक्के! कारण साधं आहे. लोड असो वा नसो, आउटपुटचा ब्रिज (डीसीचं एसी करणारे स्विच) सेकंदाला हजारो वेळा स्विच होतच राहतो, फिल्टरच्या कॉइलचा गाभा तापत राहतो, कंट्रोल बोर्डाचा सप्लाय चालू राहतो. हा नुकसानीचा वाटा लोडप्रमाणे घटत नाही.

युरोपात भारित कार्यक्षमतेचं, म्हणजे वेगवेगळ्या लोडना वजन देऊन सरासरी काढायचं, सूत्र आहे. त्यात ५, १०, २०, ३०, ५० आणि १०० टक्के लोडचे आकडे घेतात, पैकी ५० टक्क्यांना ०.४८ वजन आणि पूर्ण लोडला फक्त ०.२०. कॅलिफोर्नियाच्या सूत्रात ७५ टक्के लोडला ०.५३ वजन आहे. दोन्ही सूत्रं कमाल आकड्यापेक्षा कितीतरी खरी, माहितीपत्रकात आधी तीच शोधा. पण ती पॅनेल ते ग्रिड या वाटेसाठी बनलीत. माझे रात्रीचे १५० वॅट म्हणजे ५ किलोवॅटचे ३ टक्के, दोन्ही सूत्रांच्या खालच्या टोकाच्याही खाली. ज्यांचा रात्रीचा लोड हजार वॅटच्या आसपास आहे त्यांना हे ६० वॅट जाणवणारही नाहीत. ज्यांचा माझ्यासारखा आहे त्यांनी ५ ऐवजी ३ किलोवॅटचं यंत्र बघावं. ‘पुढेमागे लागेल’ म्हणून मोठं घेतलं तर त्याचं भाडं रोज रात्री भरावं लागतं.

आता आतली गोष्ट. वॉरंटीचं सील तोडून झाकण काढलं, धंद्याची सवय. जाहिरातीत ‘सिलिकॉन कार्बाइड तंत्रज्ञान’ लिहिलंय. प्रत्यक्षात हे महागडं मटेरियल आहे ते पॅनेलकडच्या बूस्टच्या (व्होल्टेज चढवणाऱ्या सर्किटच्या) डायोडांत, स्विच मात्र आयजीबीटीच, म्हणजे नेहमीचे सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर. यात मला फसवणूक वाटत नाही, उलट हिशेब बरोबर वाटतो. डायोड बंद होताना जो उलटा करंट वाहतो तो सिलिकॉन कार्बाइडमध्ये जवळजवळ नसतो, त्यामुळे थोड्या पैशात बरीच उष्णता वाचते. सगळे स्विच त्याच मटेरियलचे केले असते तर किंमत चढली असती आणि ५ किलोवॅटच्या घरगुती यंत्रात ती वसूल व्हायला फार वेळ लागला असता. फक्त जाहिरातीत ‘डायोड’ हा शब्दही टाकायला हवा होता.

जिथे पैसे घालायला हवे होते ते कपॅसिटर. सिंगल फेजची पॉवर मेन्सच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीने, ५० हर्ट्झला १००ने, वरखाली होते. पॅनेल मात्र एकसारखी पॉवर देतं. मधला फरक डीसी लिंकचे (पॅनेल आणि आउटपुट ब्रिज यांच्या मधल्या डीसी टप्प्याचे) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर झेलतात आणि त्या करंटने तापतात. इथे १०५ अंशांवर ५००० तास टिकतील असे बसवलेत. ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. ६५ अंशांवर ठेवले तर ८०,००० तास, म्हणजे अखंड नऊ वर्षं. ७५ वर गेले तर निम्मे. भिंतीला चिकटवून, वर सामानाचा कप्पा अशा जागी लोडवर तापमानाचा प्रोब लावला तेव्हा ७४ दाखवत होता. तेच यंत्र मोकळ्या भिंतीवर, खाली-वर फूटभर जागा सोडून लावल्यावर ६३. म्हणजे यंत्र किती वर्षं टिकणार हे कारखान्यापेक्षा बसवणारा जास्त ठरवतो, आणि बहुतेक बसवणारे केबल कमी लागेल अशी जागा शोधतात. फॅनची सोय मात्र छान: चार स्क्रू काढले की बाहेरूनच फॅन निघतो, आतल्या बोर्डांना हात लावावा लागत नाही. हे ज्याने डिझाइन केलं त्याने कधीतरी स्वतः दुरुस्ती केली असणार.

बॅटरी सोबतचीच, लिथियम आयर्न फॉस्फेट, १६ सेल सिरीजमध्ये, ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर, म्हणजे ५.१२ युनिट. ‘६००० सायकल’ हे वाचून विक्रेते जो हिशेब मांडून देतात तो तपासून घ्या. ८० टक्के वापर धरला तर ६००० सायकलमध्ये साडेचोवीस हजार युनिट निघतात, आणि बॅटरीची किंमत त्याने भागली की साठवणूक स्वस्त दिसते. पण रोज एक सायकल धरली तर ६००० व्हायला सोळा वर्षं लागतील, आणि वॉरंटी दहाची. सेल वापरले नाहीत तरी वयाने झिजतात. म्हणून भागायचं ३६५० सायकलने: जेमतेम पंधरा हजार युनिट. एका झटक्यात साठवलेलं युनिट दीडपटीहून महाग. शिवाय माझ्याकडे बॅटरीत १० युनिट घातली तर साडेआठच्या आसपास परत येतात, तीही लोड चांगला असताना.

५१ व्होल्टवर ५ किलोवॅट म्हणजे शंभर अँपिअर. इथे जोड तापून जळायला एक सैल बोल्ट पुरेसा असतो. टॉर्क किती द्यायचा, म्हणजे बोल्ट किती घट्ट आवळायचा, ते मॅन्युअलमध्ये आहे, माझ्याकडे बसवायला आलेल्या मुलाकडे टॉर्क रेंच नव्हता. माझा काढून दिला.

मोटरच्या बाबतीत फार अपेक्षा ठेवू नका. जड लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाली जुनी यंत्रं सुरुवातीचा धक्का पचवायची. ही हलकी, हाय-फ्रिक्वेन्सी जात आहे. १ एचपीचा पंप उचलतो, दीड एचपीला कधी उचलतो, कधी ओव्हरलोड दाखवून बंद. सुरू होताना मोटर पाच-सहापट करंट मागते, आणि इथे आयजीबीटी वाचवायला काही मायक्रोसेकंदांत करंट लिमिट आड येते. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावून हळू चढवली की तीच मोटर निमूट चालते.

पॅनेलकडची बाजू निर्दोष. साडेसहा किलोवॅटची पॅनेल जोडलीत आणि काही वाया जात नाही म्हटलं तरी चालेल. पॅनेलवरचा आकडा सेल २५ अंशांवर असतानाचा असतो. उन्हात सेल ६० वर गेला की अंशाला ०.३५ टक्क्यांनी बारा टक्के तिथेच जातात.

खरी आवडलेली गोष्ट वेळेच्या स्लॉटची. दिवसाचे सहा स्लॉट करून कधी चार्ज, कधी डिस्चार्ज, बॅटरी कितीपर्यंत उतरू द्यायची हे वेगवेगळं लावता येतं, आणि सीटी (करंट मोजणारी कॉइल) लावली की ग्रिडला किती द्यायचं यावरही मर्यादा घालता येते. तारा आणि ट्रान्सफॉर्मर सगळ्यात जास्त मागणीच्या वेळेसाठी बांधावे लागतात, वर्षाच्या एकूण युनिटांसाठी नाही. दुपारी ग्रिडला युनिट देऊन संध्याकाळी सगळ्यांबरोबर ओढणारं घर त्या बांधकामाचा खर्च कमी करत नाही. संध्याकाळचे तीन तास बॅटरीवर काढणारं घर करतं. वेळेनुसार दर असतील तिथे बॅटरीचे पैसे या स्लॉटमधूनच निघतात. दर दिवसभर सारखाच असेल आणि वीज फारशी जात नसेल, तर बॅटरीविना साधं ग्रिड-टाय (पॅनेलची वीज थेट ग्रिडला जोडणारं) यंत्र घ्या, गणित तिथेच जमतं.

ग्रिडच्या सेटिंगमध्ये देशाचा कोड (त्या देशाच्या ग्रिडच्या नियमांची सेटिंग) बरोबर निवडलाय ना, एवढं मात्र स्वतः बघा. जर्मनीत एके काळी नियमाप्रमाणे बहुतेक सोलर इन्व्हर्टर ५०.२ हर्ट्झला एकदम बंद व्हायचे. संख्या वाढल्यावर लक्षात आलं की फ्रिक्वेन्सी तिथवर गेली तर हजारो मेगावॅट एका क्षणात गायब होतील. २०१२ला खास अध्यादेश काढून लाखो यंत्रांची सेटिंग बदलावी लागली. या यंत्रात फ्रिक्वेन्सी वाढेल तशी पॉवर हळूहळू उतरवण्याची सोय आहे, पण माझ्याकडे ती बंद करून ठेवलेली होती.

अ‍ॅप टुकार. आकडे कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन परत येतात, त्यामुळे इंटरनेट गेलं की शेजारच्या खोलीतल्या यंत्राची खबर मिळत नाही. यंत्रातून थेट आकडे वाचायला आरएस-४८५चं पोर्ट आहे, त्यावर बोलायची मॉडबस पद्धतही आहे, पण रजिस्टरची यादी, म्हणजे कुठला आकडा कुठे मिळेल ते, मॅन्युअलमध्ये नाही. सर्व्हिसला मेल केल्यावर दुसऱ्या दिवशी आली, हे कबूल करायला हवं. यादीत बॅटरीच्या करंटचं चिन्ह उलटं छापलंय. चार्जिंग उणे धरा, म्हणजे आकडे जुळतील.

पाचपैकी साडेतीन. नो-लोडचा वापर ३० वॅटच्या खाली आणला तर चार देईन.