कोंभाळण्याची बियाणे बँक : काय न्यावे, कशाला जपावे

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याची, राहीबाई पोपेरे यांनी बायफ या संस्थेच्या साथीने उभी केलेली गावरान बियाण्यांची बँक २०२०च्या पद्मश्रीनंतर सर्वदूर माहीत झाली. इथला व्यवहार दुकानासारखा नाही: नेले त्याच्या दुप्पट बी परत द्यायचे. त्यामुळे पहिल्या वर्षी सगळे रान पेरायचा बेत नकोच. भाताला गुंठ्यामागे साधारण ४०० ग्रॅम बी धरा आणि आधी बीच वाढवा.

सगळ्यात खात्रीचा माल वाल-घेवड्याचा. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल येतो. गावरान वाल दिवस लहान झाल्याशिवाय फूल धरत नाही. जूनमध्ये लावलात तर नुसता वेल माजतो. ढगाळ हवेत मावा कीड मात्र हमखास.

काळभात या गावरान भाताचा वास झकास, पण त्याच्या भरवशावर सगळे खाचर देऊ नका. उंच वाढतो, युरिया जास्त झाला की परतीच्या पावसात लोळतो. पाऊस लवकर उघडला तर ही गरवी (उशिरा पिकणारी) जात ऐन निसवणीला, म्हणजे लोंब्या बाहेर पडताना, ताणात सापडते. माळावर हळवे (लवकर पिकणारे) भात, पाणथळीत गरवे आणि उतारावर नाचणी-वरई अशी वाटणी केली की एखादे पीक तरी हाताला लागते. खरा फायदा या वाटणीत आहे, एकट्या वाणात नाही.

दुधी-दोडका नेण्याआधी शेजारच्या रानात संकरित वेल आहेत का ते बघा. परागाची सरमिसळ टाळायला बियाण्यासाठी ५०० मीटर अंतर लागते. छोट्या शेतात ते कुठून आणायचे? मग दुधी संध्याकाळी उमलतो, म्हणून दुपारीच नर-मादी दोन्ही कळ्या दोऱ्याने बांधा, संध्याकाळी हाताने पराग लावा, मादी फूल पुन्हा बांधा आणि त्या फळाला खूण करा.

पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघा. भाताचे ८०, वालाचे ७५ उगवले तर ठीक. साठवणीत राख उपयोगी, पण वालाचा भुंगा शेतातूनच येतो: दाण्यावर खसखशीएवढे पांढरे ठिपके दिसले तर ती अंडी. असे दाणे आधीच निवडून काढा, बाकीचे दाताखाली कट्कन फुटेपर्यंत वाळवा आणि मगच राखेत घाला. ओलसर बी राखेतही कुजते.

ज्याला एकाच वाणाचे क्विंटलभर बी हवे, त्याने इथे जाऊ नये.